ऑरिनच्या नावावरचं मत

१

लिओना क्विंबीनं शेवटची मतपत्रिका उलगडली आणि ती नुसती बघतच राहिली.

"वाच की," आर्डिथ म्हणाली. "जीभ दमली की काय?"

लिओना गावची कारकून. टॅमरॅकमध्ये मतमोजणी सगळ्यांसमोर होते, टाउन हॉलच्या लांब टेबलावर. लिओना मोठ्यानं वाचते आणि आर्डिथ कोल्बी, गावसभेची अध्यक्ष म्हणून, शेजारी उभी राहून पाहते. त्या संध्याकाळी लिओनाच्या तोंडून आतापर्यंत एकच शब्द निघाला होता. रिपब्लिकन, रिपब्लिकन, रिपब्लिकन. टॅमरॅकच्या मतपेटीतून दुसरं काय निघणार? माणसं कोट चढवायला लागली होती. शेगडीही विझत आली होती.

लिओनानं कागद मुकाट्यानं आर्डिथच्या हातात ठेवला. मतपत्रिकेवर एकेका पक्षाची एकेक रांग; डाव्या रांगेच्या डोक्यावर, सगळी रांग एकदम निवडायचा जो गोल असतो, त्यात फुली होती. इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता.

"डेमोक्रॅट," आर्डिथ म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

 मग एकेक मान वळली ती खिडकीजवळच्या लहान टेबलाकडे. त्या टेबलाशी ऑरिन टटल बसायचा. वर्षानुवर्षं, एकटा. यंदा सफरचंदं उतरवायच्या दिवसांत तो गेला, आणि त्याच्या शवपेटीवर आर्डिथनं स्वतः मूठभर माती टाकली होती. टेबल मात्र तसंच होतं. त्याला हात लावायला कुणी धजलं नव्हतं.

पेटीतलं एकुलतं एक उलटं मत ऑरिनचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे. फुली हीच, फाटलेला कागदही असाच. त्या एका फुलीपायी गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याच्या शेजारी जेवणं टाकलं होतं. आणि आता ऑरिन टेकडीवरच्या कबरीत होता, आणि फुली इथे, आर्डिथच्या हातात.

"आला बघा," मागून कुणी पुटपुटलं. "मेला तरी मत द्यायला आला."

एरवी अशा बोलण्यावर हॉल खिदळला असता. आज कुणी हसलं नाही.

२

दोनचार दिवस गावात भुताचंच राज्य होतं. ऑरिनच्या बंद घरात दिवा दिसला म्हणे. खिडकीतली झुलती खुर्ची आपोआप हलत होती म्हणे. पोरं त्या रस्त्यानं जायची बंद झाली, आणि थोरांनीही लांबचा रस्ता धरला.

पण भुताला काही शिक्षा करता येत नाही, आणि टॅमरॅकला कुणाला तरी शिक्षा केल्याशिवाय चैन पडेना. मग बोट वळलं डेल्फीन तिबोकडे. ती या वसंतात खालच्या गिरणीच्या गावातून आली होती. गावाच्या मालकीच्या जुन्या रेल्वे स्टेशनात तिनं खाणावळ काढली होती आणि वरच्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होती. एक मतदार गेला, एक नवा आला, आणि उलटं मत तिथल्या तिथेच. आणखी काय पुरावा पाहिजे?

शनिवारी टाउन हॉलमध्ये बीन्सचं गावजेवण होतं, आणि त्यातच स्टेशनाच्या जागेचा तिचा भाडेकरार पुढे चालवायचा की नाही हे ठरणार होतं. काय ठरणार, ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

आर्डिथला हे सोसवेना. ती खाणावळीत गेली तेव्हा काउंटरशी वेंडेल पेटेन्गिल बसला होता. वेंडेल म्हणजे गावच्या पंचांचा प्रमुख. लाकूडतोड्या, दाराएवढा रुंद. गावाचा त्याच्यावर भारी विश्वास, कारण बैठकीत तो प्रत्येक कागद लिओनाला मोठ्यानं वाचायला लावायचा. "चोरून काही नको, सगळ्यांच्या कानावर पडू दे," म्हणायचा.

"मला नेहमीचंच," तो डेल्फीनला म्हणाला. "आणि गोडात पाय कुठल्या फळाचा आहे आज?"

"फळ्यावर लिहिलंय की, साहेब."

"चष्मा घरी राहिला."

"रोजच राहतो तुमचा," डेल्फीन म्हणाली आणि सफरचंदाचं सारण भरून भाजलेला पाय त्याच्यापुढे ठेवला. तिनं त्याच्या नाकाकडे जरा निरखून पाहिलं. तिच्या आईच्या नाकावर चष्म्याचे दोन वण पडले होते. वेंडेलच्या नाकावर वणाचा मागमूसही नव्हता. आर्डिथनं तिची नजर पाहिली, पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसराच भुंगा होता.

"वेंडेल, या बाईला घराबाहेर काढून तुला काय मिळणार रे?"

"मला काय मिळायचंय? गाव म्हणतंय." तो तोंडातला घास गिळून म्हणाला, "ऑरिनला आपण का टाकला मग? त्याला एक न्याय आणि हिला दुसरा?"

"तू स्वतःचं बघ आधी. मागल्या महिन्याचं चर्चमधलं जेवण पुढे ढकललं, चर्चच्या दारावर ही मोठी चिठ्ठी लावली, आणि तू बीन्सचं भांडं मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिलास!"

खाणावळीतली दोनचार माणसं फसफसून हसली. वेंडेलही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

"क्लारा गेल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही," तो म्हणाला. क्लारा त्याची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. हसणारे आपापल्या ताटांत बघू लागले.

तो गेल्यावर आर्डिथनं डेल्फीनला सरळच विचारलं, "ते मत तुझं का?"

डेल्फीननं फडकं खाली ठेवलं. "आर्डिथबाई, तुमच्या त्या ऑरिननं कधी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग मी का सांगू? मतदानाच्या पडद्याआड दिलं ते पडद्याआडच राहील. आईला घेऊन बर्फात जावं लागलं तरी." एवढं बोलून ती आत निघाली. दारात थांबून म्हणाली, "पण एक सांगा. ते मत त्याचंच होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आर्डिथ उठली आणि ऑरिनच्या घराच्या रस्त्याला लागली.

३

ऑरिनच्या घरात दिवा खरंच होता. आर्डिथनं तरीही दार ठोठावलं. दार उघडलं ते ऑरिनच्या भाच्यानं, मेरिल हॉजनं. मामाचं सामान आवरायला तो आला होता. खुर्ची हलत होती ती खिडकीच्या फुटक्या काचेतून येणाऱ्या वाऱ्यानं.

"या, या. या गावचं माणूस या घरात यायचं म्हणजे आक्रीतच," मेरिल म्हणाला. त्याच्या बोलण्यात धार होती, आणि आर्डिथनं ती गुपचूप सोसली.

ते मत ऑरिनचंच होतं का, असं तिनं विचारलं. मेरिलनं हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मीही मामाला एकदा विचारलं होतं. म्हटलं, कशाला देता असलं मत? चार माणसांत राहायचं सोडून? तर हसला. म्हणाला, 'मी दिलं असं मी कधी म्हटलंय?'"

"अरे, मग नाही म्हणायचं होतं ना! एक शब्द बोलला असता तर!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणाला, 'मी नाही म्हटलं की गाव दुसरा शोधायला निघेल. आणि तो सापडला तर त्याला माझ्याहून जड जाईल.'"

बाहेर वारा वाढला होता. खुर्ची पुन्हा करकरली.

"तुमच्या मतमोजणीला आधी मामा असायचा, आठवतं? ते मत पहिल्यांदा निघालं तेव्हा कागद उलगडला मामानंच. त्यानंतर त्यानं मोजणीला हात लावला नाही."

आर्डिथला आठवलं. त्याच वर्षी ऑरिन भर सभेत एकटा उभा राहून खालच्या रस्त्यावरची शाळा बंद करू नका म्हणून भांडला होता. शरद ऋतूत उलटं मत निघालं आणि सगळं गाव त्याच्याकडे वळलं. तीही वळली होती. त्यानं नुसतं कागदाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. गावाला तो कबुलीजबाब वाटला.

"म्हणजे त्यानं फुली ओळखली," ती हळूच म्हणाली. "कुणाची, ते बोलला का तुझ्यापाशी?"

"नाव घेतलं नाही. शेवटच्या आजारात एकच म्हणाला, आणि मला तर वाटलं तापात बरळतोय." मेरिल तिच्याकडे वळला. "म्हणाला, 'ज्याचं ते मत आहे ना, त्यालाच ते माहीत नाही.'"

४

रात्रभर आर्डिथच्या डोक्यात ते वाक्य घोंगावत राहिलं. आपण मत दिलं आणि आपल्यालाच माहीत नाही, असं कसं होईल? झोपेत दिलं? वेड लागलेल्यानं दिलं? सकाळी ती लिओनाच्या कचेरीत जाऊन बसली.

"लिओना, ते मत दर वेळी निघायचं का गं?"

"छे! मधे कितीदा निघालंच नाही. तुला नाही आठवत? राजधानीत डेमोक्रॅटांचा गव्हर्नर बसला की मगच ऑरिनला चेव यायचा. आपला गव्हर्नर असला की मुकाट आपल्यासारखं मत द्यायचा. तेव्हा किती हसायचो आपण. वारा बघून पाठ फिरवतो म्हणायचो."

"आणि सध्या गव्हर्नर त्यांचा."

"हो ना. म्हणून तर अंगावर काटा आला माझ्या."

आर्डिथ भिंतीकडे बघत होती. निवडणुकीआधी लावलेली नमुना मतपत्रिका अजून तिथेच टाचलेली होती. दोन रांगा. डावी डेमोक्रॅट, उजवी रिपब्लिकन.

"ही रांग डावीकडे का?"

"नियमच आहे आपल्या राज्याचा. गेल्या खेपेला ज्यांचा गव्हर्नर निवडून आला, त्यांची रांग डावीकडे. माझ्या लहानपणी आपलीच कायम डावीकडे असायची. त्यांचा कुणी निवडून येईल असं स्वप्नातही..." लिओना बोलताबोलता थांबली. "आर्डिथ? काय झालं? अशी पांढरी का पडलीस?"

आर्डिथ उठली आणि भिंतीशी गेली. डाव्या गोलावर तिनं बोट ठेवलं.

त्यांची रांग डावीकडे आली की उलटं मत. आपली रांग डावीकडे परतली की मत गायब. मत कधी फिरलंच नव्हतं. फिरली होती ती रांग. कुणाचा तरी हात बापाच्या काळापासून डावीकडेच फुली मारत होता, आणि आपण आपल्याच पक्षाला मत देतोय अशी त्याची खात्री होती.

पण वर नाव छापलेलं असतं की! एवढ्या ठळक अक्षरांत! आंधळ्याखेरीज कुणाला दिसणार नाही? आणि टॅमरॅकमध्ये आंधळं कुणी नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांपुढे आलं बीन्सचं भांडं. चर्चच्या पायरीवर, ही मोठी चिठ्ठी डोक्याच्या वर फडफडत असताना, मांडीवर भांडं घेऊन वाट बघत बसलेला माणूस.

"अगं बाई," आर्डिथ म्हणाली. "तो विसराळू नव्हताच."

तिनं भिंतीवरची मतपत्रिका काढून घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. लिओनाला तिनं काहीच सांगितलं नाही.

५

वेंडेल स्वयंपाकघरात शनिवारचे बीन्स निवडत होता. ते काम क्लाराचं. त्याच्या जाड बोटांतून दाणे निसटत होते. टेबलावर वर्तमानपत्र नीट उघडून ठेवलं होतं.

"बस," तो म्हणाला. "त्या बाईची रदबदली करायला आली असशील तर नुसती कॉफी पी आणि जा."

आर्डिथनं नमुना मतपत्रिका त्याच्यापुढे पसरली आणि पेन्सिल ठेवली. "वेंडेल, तू मत कसं देतोस ते मला दाखव."

"म्हणजे? देतात तसंच."

"दाखव ना."

तो हसला, पेन्सिल मुठीत धरली आणि डाव्या गोलात फुली मारली. कागद टरकन फाटला.

आर्डिथनं डोळे मिटले. ती चुकली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"वर काय लिहिलंय ते वाच, वेंडेल."

"चष्मा..."

"तुझ्याकडे चष्मा नाही. कधीच नव्हता."

 वेंडेलनं एक दाणा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. 

"बाप म्हणाला होता, डावीकडची आपली. क्लारा सगळं वाचून दाखवायची. बिलं, पत्रं, पेपर. पण तिथे पडद्याआड एकट्यानंच जावं लागतं ना, आर्डिथ. तिथे तिला कशी नेणार? आणि विचारणार तरी काय? जन्मभर डावीकडचीच आपली होती."

"ती फिरते, वेंडेल. त्यांचा गव्हर्नर आला की ती त्यांची होते."

ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्यानं फाटलेल्या फुलीवर तळहात ठेवला, जणू ती झाकता आली असती.

"मग ऑरिन?"

"ऑरिननं पहिल्याच खेपेला फुली ओळखली."

"ओळखणारच. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. पाटीवर मी दाबायचो आणि पेन्सिली मोडायच्या. आपली पेन्सिल द्यायचा मला." त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलून पाहिली. "माझा धडा तोच कानात वाचायचा, मी मोठ्यानं म्हणायचो. मास्तरांना वाटायचं, पोरगा हुशार आहे. मी त्याच्याकडून शपथ घेतली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. नऊ वर्षांचे असू."

"ती त्यानं पाळली."

"आणि मी काय केलं ठाऊक आहे तुला?" वेंडेलनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "त्याच्या टेबलाशी बसू नका हे सगळ्यांत आधी मी म्हणालो. मी! तो पलीकडून बघत होता, आर्डिथ. माझ्याकडेच बघत होता. मला वाटायचं, निर्लज्ज आहे, नजर खाली घालत नाही."

आर्डिथ त्याच्या शेजारी सरकली.  तीही त्या टेबलाशी कधी बसली नव्हती.

"मी कुणाला सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. "कुणाचं मत कुणाला, हे सांगायचा मला हक्क नाही. पण उद्या ती पोर आणि तिची म्हातारी..."

"जा तू आता," वेंडेल म्हणाला.

"वेंडेल."

"जा म्हणतो ना!"

ती निघाली. दार लावताना तिनं मागे पाहिलं. तो कागद चुलीत घालत होता.  गुपित जळालं, म्हणजे उद्या डेल्फीनही गेली.

६

शनिवारी हॉल गच्च भरला होता. बीन्स, काळा पाव, लोणचं, आणि डेल्फीननं भाजून आणलेले फळांचे गोड पाय. त्यांना अजून कुणी सुरी लावली नव्हती. डेल्फीन दाराशी आईचा हात धरून उभी होती. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. मेरिल आदल्या दिवशीच आपल्या गावी परत गेला होता.

"स्टेशनाच्या जागेचा करार," आर्डिथनं पुकारलं. "कुणाला काही बोलायचंय?"

वेंडेल उभा राहिला. माणसांनी माना हलवल्या. तो काय बोलणार हे त्यांना पाठ होतं.

"ते मत माझं होतं," वेंडेल म्हणाला.

आधी हशा पिकला. वेंडेलला कधीमधी थट्टेची लहर येते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो हसत नव्हता.

"या वेळचं माझं. मागची सगळीही माझी. ऑरिन टटलनं तसलं मत जन्मात दिलं नाही. या बाईनंही नाही दिलं. करार पुढे चालू ठेवा."

 मग पुढच्या टेबलावरून कुणी तरी ओरडलं, "का? का दिलंस?"

वेंडेलनं आर्डिथकडे पाहिलं.  एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मला वाचता येत नाही, चूक झाली. मग गाव हसलं असतं, हळहळलं असतं, पाठीवर थाप मारून त्याला परत जवळ बसवून घेतलं असतं.

"मत माझं," वेंडेल म्हणाला. "का दिलं ते मी सांगणार नाही."

त्यानं आपली थाळी उचलली. बाकांच्या मधून तो चालत गेला, तशी माणसं अंग चोरून घेत गेली. खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन तो ऑरिनच्या समोरच्या खुर्चीवर बसला. ऑरिनची खुर्ची त्यानं रिकामीच ठेवली. तिच्याकडे तो असा बघत होता, की तिकडे नजर टाकायचं कुणाला धाडस झालं नाही.

करार मंजूर झाला. नाही म्हणायला तोंड कुणाला होतं?

मग आर्डिथ आपली थाळी घेऊन गेली आणि वेंडेलच्या शेजारी बसली. या खुर्चीपर्यंत यायला तिला अख्खं आयुष्य लागलं होतं, आणि ज्याच्यासाठी यायचं त्याची जागा रिकामी होती. मागून डेल्फीन आली. तिच्या हातात पायचं मोठं ताट होतं. तिनं ते टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"हा सफरचंदाचा, हा भोपळ्याचा आणि हा ब्लूबेरीचा. माझ्याकडे यापुढे असंच तोंडी सांगितलं जाईल. तो फळा मी पुसून टाकलाय."

वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं. हिलाही कळलंय, हे त्याच्या ध्यानात आलं.  त्यानं एक रिकामी ताटली ओढली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे नीट ठेवली.

"ऑरिनला यातला कुठला आवडायचा?" त्यानं विचारलं.

आर्डिथनं लिओनाकडे पाहिलं. लिओनानं नवऱ्याकडे पाहिलं. टेबलाटेबलांवरून तो प्रश्न मागच्या भिंतीपर्यंत गेला. ऑरिनसोबत जन्म काढलेली माणसं होती ती सगळी. त्यांतल्या कुणालाच सांगता आलं नाही.